कोटा, मोझॅक आणि लाल कोब्याला घरच्या घरी मेण-पॉलिश: धुण्यापासून शेवटच्या घोटाईपर्यंत

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर, टिळकनगर या भागांतल्या जुन्या घरांत तीन प्रकारची जमीन हमखास पायाखाली येते. बैठकीत कोटा फरशी, आतल्या खोल्यांत मोझॅक, आणि घर आणखी जुनं असेल तर माजघरात लाल कोबा. पंधरा-वीस वर्षांत ही जमीन काळपट पडली की घरात दोनच उपाय निघतात. एक, वरून व्हिट्रिफाइड टाइल बसवून टाकायची. दुसरा, पॉलिशचा डबा आणून फासायचा. पहिल्या उपायात चांगला दगड कायमचा गाडला जातो. दुसऱ्यात मळावर मेण चढतं आणि महिन्याभरात जमीन आधीपेक्षा कळकट दिसते.

चमक दगडाच्या घिसाईतून, म्हणजे तो टप्प्याटप्प्याने घासून गुळगुळीत करण्यातून येते. मेण ती राखतं, दगडाचा रंग थोडा गडद करतं आणि डाग आत जाऊ देत नाही. त्यामुळे एकूण मेहनतीतली बहुतेक मेहनत मेणाचा डबा उघडण्याआधीच करायची असते.

आधी जमीन ओळखा

कोटा फरशी म्हणजे राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यात, रामगंज मंडीच्या परिसरात निघणारा बारीक कणांचा चुनखडक. चुनखडक असल्यामुळे त्याला आम्ल अजिबात सोसत नाही. लिंबू, चिंच, ताक, संडास धुण्याचं ॲसिड, यांतलं काहीही पडलं की पृष्ठभाग कुरतडला जातो आणि पांढुरका खरखरीत ठिपका उरतो. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, म्हणून त्यालाही हाच नियम. लाल कोबा म्हणजे सिमेंटमध्ये आयर्न ऑक्साईडचा लाल रंग मिसळून थापीने घोटलेला थर. त्याचा रंग फक्त वरच्या काही मिलिमीटरांत असतो, म्हणून त्याची जोरात घिसाई कधीच करू नये.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही; तिचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असतं. मेणाला धरायला तिथे जागा मिळत नाही, ते वरच राहतं आणि पाय घसरतात. तिला आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटला मेण लावू नका. लॅमिनेटच्या लाकडी दिसणाऱ्या पट्ट्यांनाही नको.

जमीन कोणती हे कळलं की तीन छोट्या चाचण्या करा. तीनही फुकटच्या आहेत आणि पुढचा सगळा खर्च त्यांच्यावरच ठरतो.

पहिली थेंबाची. स्वच्छ पुसलेल्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून घड्याळ बघा. मिनिटाभरात थेंबाखालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितोय आणि मेणही पिणार. पाच-सात मिनिटं थेंब तसाच गोल राहिला, तर वर आधीचं काहीतरी आहे किंवा दगड मुळातच घट्ट आहे.

दुसरी नाण्याची. कपाटामागच्या कोपऱ्यात नाण्याची कड हलकी खरवडा. पांढुरके पापुद्रे निघाले तर ते जुन्या लिक्विड पॉलिशचं आवरण आहे. पिवळट, मऊ, बोटाला चिकटणारं काही निघालं तर ते जुनं मेण.

तिसरी ओलीची. तळमजल्याच्या जुन्या घरांत ही टाळू नकाच, कारण जोत्यात ओल अडवणारा थर बऱ्याचदा नसतो. दीड फूट चौरस जाड पॉलिथिन जमिनीवर पसरून चारही कडा टेपने बंद करा आणि रात्रभर, साधारण १६ तास ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा दगड गडद झाला, तर खालून ओल येते आहे. अशा जमिनीवर मेण लावलं की ओल अडकते, मेणाखाली पांढरा खार फुटतो आणि कोब्याचे पापुद्रे निघतात. आधी ओलीचं कारण शोधा: गळकी पाइपलाइन, बाहेरच्या अंगणाची चढलेली पातळी, न्हाणीघराची गळती.

काम कधी काढायचं

दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते, आणि घर तसंही हललेलं असतं. फेब्रुवारीही चांगला, आणि इंदूरकरांना त्याचा एक जास्तीचा फायदा आहे: रंगपंचमीच्या गेरमधून (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून) परतलेल्या पायांचा रंग मेण लावलेल्या कोट्यावरून पुसला जातो, कोऱ्या कोट्यात मात्र आत शिरतो. मे महिन्यात करायचंच असेल तर पहाटे करा. दुपारच्या उन्हात तारपीन इतकं झपाट्याने उडतं की मेण पसरायच्या आत सुकतं. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका.

सामान

सगळे हिशोब १० बाय १२ फुटांच्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या (साधारण ११ चौरस मीटर) खोलीचे दिले आहेत. धुण्याचा सोडा २०० ग्रॅम, नायलॉनचा कडक ब्रश, वायपर, दोन बादल्या, जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे, घोंगडीचा किंवा जुन्या लोकरी कांबळ्याचा तुकडा, एक अखंड वीट, रबरी हातमोजे. मेणासाठी मधमाश्यांचं मेण १०० ग्रॅम, तारपीन ३५० मिलिलिटर, आणि मिळालं तर कार्नोबा मेण (ताडाच्या एका जातीच्या पानांवरचं कडक मेण) २० ग्रॅम. डाग आणि ओरखड्यांसाठी १२०, २२०, ४०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे ओले करून वापरायचे घासकागद; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. हार्डवेअरचं सामान सियागंजच्या बाजारात एका फेरीत होऊन जातं. मेण घेताना वास घ्या: मधमाश्यांच्या मेणाला मधाचा मंद वास येतो, नुसत्या पॅराफिनला येत नाही. पॅराफिनने काम होतं, पण थर मऊ राहतो आणि लवकर झिजतो.

धुणं

खोली पूर्ण रिकामी करा. केरसुणीनंतर सांध्यांतली माती जुन्या टूथब्रशने काढा. मालव्याची काळी माती ओली झाली की चिकट होते आणि सांध्यात बसते ती बसतेच, म्हणून कोरडी असतानाच काढायची.

वर जुनं मेण असेल तर आधी सुती कापड तारपिनात भिजवून हातभर जागा पुसत जा. एक मिनिट मुरू द्या, मग कोरड्या कापडाने उचला. कापडावर तपकिरी मळ येणं थांबलं की ती जागा झाली. लिक्विड पॉलिशचं आवरण तारपिनाने सुटत नाही. त्याला सोडा लागतो. पाच लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून पाणी पसरा, दहा मिनिटं ओलं ठेवा, ब्रशने घासा आणि वायपरने ओढून घ्या. तिथल्या तिथे वाळू दिलंत तर सुटलेला मळ परत बसतो.

त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा. शेवटचं पाणी नळाला येणारं नर्मदेचं असू द्या, बोअरिंगचं नको. बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरी साय धरतात आणि मेणाखाली ती ढगासारखी दिसते. सोडा दगडात राहिला तरी हेच होतं.

डाग

मेण लावल्यावर डाग जास्तच उठून दिसतो, म्हणून आत्ताच काढा. देवघरासमोरच्या तेलाच्या डागावर मुलतानी माती किंवा खडूची पूड तारपिनात कालवून पोळीच्या कणकेइतकी घट्ट करा, अर्धा इंच जाड थर थापा, वर पॉलिथिन टेपने चिकटवा आणि २४ तास ठेवा. नंतर पॉलिथिन काढून लेप पूर्ण वाळू द्या. तेल वर ओढलं जातं ते लेप वाळतानाच. जुना डाग दोन-तीन वेळा करावा लागतो.

हळदीच्या डागाला साबण लावू नका, तो लाल होतो. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून डागावर ठेवा आणि वर पॉलिथिन झाका. ऊन येत असेल तर निम्मं काम ऊनच करतं.

लिंबाचा किंवा ताकाचा पांढुरका ठिपका मात्र डाग नसतो, तिथे दगडच झिजलेला असतो. कितीही धुतलं तरी तो जात नाही. तिथे वॉटर पेपर ओला करून २२०, मग ४००, मग ८०० असा घासायचा, आणि ठिपक्याच्या चारी बाजूंना चार बोटं जास्त घासायचं म्हणजे कड दिसत नाही. गॅस सिलिंडरच्या तळाचं गंजाचं गोल वर्तुळही बहुधा घासूनच जातं. नंतर सिलिंडरखाली प्लास्टिकचं स्टँड ठेवा.

घिसाई: हाताने की मशीनने

एक दोन बाय दोनची फरशी हाताने चार नंबरांच्या कागदांतून न्यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. १२० चौरस फुटांत अशा ३० फरश्या. म्हणजे मांडी घालून सलग बारा तासांचं काम, आणि तरी सपाटी मशीनसारखी येणार नाही. म्हणून हातघिसाई फक्त ठिपक्यांपुरती आणि दाराजवळच्या झिजलेल्या पट्ट्यापुरती ठेवावी. सगळी खोली निस्तेज झाली असेल तर सरळ घिसाईवाल्याला बोलवा, पण उभं राहून काम करून घ्या. काय बघायचं ते असं.

फरश्यांच्या कडा उंचसखल असतील तरच मशीनच्या ६० नंबरच्या घासदगडाने सुरुवात. नसतील तर १२० पासून. मग २२०, ४००, आणि कोट्याला ६०० किंवा ८००. एकही नंबर गाळू देऊ नका. घाईत १२० वरून थेट ४०० वर गेलं की पहिल्या दगडाचे ओरखडे तसेच राहतात, ओल्या जमिनीवर दिसत नाहीत आणि वाळल्यावर दुसऱ्या दिवशी समोर येतात. प्रत्येक नंबरनंतर एक कोपरा धुऊन, पुसून, वाळवून बघा. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला की प्रत्येक ओरखडा सावलीसह दिसतो. एकाच दिशेच्या बारीक गोलाकार रेघा दिसत असतील तर मागच्या नंबरवर परत जायला सांगा. हे सांगताना संकोच करू नका, कारण मेण कुठलाही ओरखडा झाकत नाही.

मोझॅकमध्ये पहिल्या घिसाईनंतर बारीक खड्डे उघडे पडतात. ते व्हाइट सिमेंट आणि जुळणारा रंग यांच्या पातळ पेस्टने भरायचे आणि निदान चार दिवस ओले ठेवायचे. दुसऱ्याच दिवशी मशीन फिरवलं तर भरलेलं सिमेंट उपसून निघतं. आम्ल टाळायच्या नियमाला इथे एक अपवाद आहे: शेवटच्या दगडानंतर मोझॅकवर ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून लोकरी गठ्ठ्याने घोटण्याची पद्धत आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत तिचं प्रमाण चौरस मीटरला ३३ ग्रॅम दिलेलं आहे. म्हणजे आपल्या खोलीला ३६० ग्रॅमच्या आसपास. ही पूड विषारी आहे आणि दिसायला साखरेसारखी, म्हणून ती स्वयंपाकघराच्या आसपास किंवा जुन्या डब्यात ठेवू नका. हातमोजे आणि नाकावर मास्क हवाच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं.

घिसाई ओलीच करायची. कोरड्या घिसाईची धूळ फुप्फुसाला घातक असते. मशीनला अर्थिंग असलेला प्लग आणि वायरला एकही जोड नको, कारण माणूस पाण्यात उभा असतो. निघालेला राडा मोरीत ओतू देऊ नका. तो पाइपमध्ये बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निथळू द्या, वरचं पाणी सोडा, खालचा गाळ गोणीत भरून बाहेर काढा.

लाल कोब्याला यातलं काहीच नाही. त्याला फक्त ४०० चा ओला वॉटर पेपर, तोही हलक्या हाताने. कागदावर गडद लाल पाणी येऊ लागलं की थांबा.

वाळवणं

घिसाई किंवा धुण्यानंतर ऑक्टोबरात दोन दिवस, पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून वाळवा. दगडाचा रंग कडेला आणि मध्ये सारखा दिसला पाहिजे. सांध्यांजवळ गडद रेघ असेल तर आत पाणी आहे, आणखी एक दिवस द्या.

मेण तयार करणं

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. दोन्ही किसून किंवा तुकडे करून स्टीलच्या भांड्यात घाला आणि ते भांडं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा. सगळं पारदर्शक झालं की गॅस बंद करा, भांडं उचलून अंगणात किंवा गच्चीवर न्या, आणि तिथेच तारपीन मिसळा. तारपिनाची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे इंदूरच्या उन्हाळ्यात ते साध्या हवेतही धोक्याचं असतं. विस्तवाजवळ, चुलीवर, गॅसच्या खोलीत ते कधीही उघडायचं नाही.

भांड्याच्या कडेला मेण गोठून धूसर व्हायला लागलं की तारपिनाची बारीक धार सोडत लाकडी काडीने ढवळत राहा. तारपीन थंडगार असेल तर गुठळ्या होतात. झाल्या तर बाहेरच, गरम पाण्याच्या बादलीत भांडं ठेवून पुन्हा ढवळा. निवल्यावर हे मिश्रण लोण्याइतकं मऊ हवं. फार घट्ट झालं तर थोडं तारपीन वाढवा. लाल कोब्यासाठी १०० ग्रॅम तयार मेणात १० ग्रॅम लाल ऑक्साईड घोटून घाला. एवढ्यातून खोलीला दोन हात देऊन बऱ्यापैकी मेण उरतं.

लाल कोब्याला खोबरेल तेल लावायची चाल अनेक घरांत आहे. त्या दिवशी जमीन देखणी दिसते, पण खोबरेल कधीच सुकत नाही. त्यावर धूळ बसते, खवट वास येतो आणि पुढे मेणही धरत नाही. तेलच लावायचं असेल तर जवसाचं लावा, ते हवेत सुकून घट्ट होतं. पातळ हात द्या आणि अर्ध्या तासात जास्तीचं तेल कोरडं पुसून घ्या. ते कापड चुरगळून ठेवू नका. जवसाच्या तेलाचं कापड आपोआप तापून पेटू शकतं. पाण्यात भिजवा किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.

लावणं

खिडक्या उघडा. समई, निरांजन, उदबत्ती, शेजारच्या खोलीतला गॅस, सगळं बंद. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना दुसरीकडे पाठवा.

धोतराचा तुकडा चौपदरी करून त्यात मेणाचा गोळा ठेवा आणि पुरचुंडी बांधा, म्हणजे मेण कापडातून झिरपत पातळच बसतं. पहिल्या हाताला एका दोन बाय दोनच्या फरशीला चहाचा एक चमचा, साधारण पाच ग्रॅम, पुरतो. खोलीला म्हणून १५० ग्रॅम. दाराच्या समोरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत या. आधी गोल गोल फिरवत दगडात मुरवा, मग एका दिशेने सरळ हात फिरवून थर सारखा करा. जमिनीवर मेण दिसायला नको, दगड फक्त ओलसर वाटायला हवा. सांध्यात भरलेलं मेण काडीने काढा, नाहीतर तिथे काळी रेघ धरते.

अर्ध्या तासात चमक मरून जमीन धुरकट होते. बोट टेकवून बघा: चिकटलं नाही आणि ठसा पुसट उठला, तर घोटायची वेळ झाली. आता वीट घोंगडीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळा, गाठ वर ठेवा आणि दोन्ही हातांनी विटेचं वजन जमिनीवर सोडून मागेपुढे ओढा. दाबायची गरज नाही, वीट तिचं काम करते. सुरुवातीला ती अडखळत सरकते. दहा-बारा फेऱ्यांत सरकणं हलकं होतं आणि घोंगडीचा आवाज खसखशीतून सुळसुळीत होतो. त्याच सुमारास खिडकीचे गज जमिनीत दिसू लागतात. गजांच्या कडा फुटलेल्या दिसत असतील तर अजून घोटा. लोकरीवर मेण साचलं की तुकड्याची बाजू बदला.

२४ तासांनी दुसरा हात द्या, पहिल्याच्या निम्म्या मेणाचा. मोझॅकला आणि कोट्याला दोन हात पुरतात. फार पिणाऱ्या लाल कोब्याला तिसरा लागतो. त्या दिवशी पायमोज्यांनी चाललं तर चालेल, फर्निचर मात्र तीन दिवसांनी आणि तेही उचलून ठेवा, ओढू नका.

जिना, न्हाणीघर, मोरी, अंगणाचा उतार इथे मेण नको. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या पट्ट्यात एकच अगदी पातळ हात द्या, आणि सतरंजीखाली न घसरणारी जाळी घाला.

बिघडलं तर

दोन दिवसांनीही पाय चिकटत असतील तर थर जाड झाला आहे. वर आणखी काही लावू नका. तारपिनात जेमतेम ओलसर कापडाने पुसा, तासाभराने पुन्हा घोटा. पांढरे ढग आले तर खाली पाणी किंवा सोडा राहिला होता. मेण काढून, धुऊन, नीट वाळवून पुन्हा लावण्याशिवाय इलाज नाही. लाल कोब्यावरून चालताना तळवे लाल होत असतील तर ऑक्साईड जास्त झालं किंवा घोटाई अपुरी राहिली; कोरड्या कापडाने दोन-तीनदा घोटा, मग बिनरंगी मेणाचा पातळ हात द्या. घोटूनही एखादी फरशी मंदच राहिली तर ती मेण पिऊन गेली आहे, तेवढ्याच फरशीला आणखी अर्धा चमचा.

रोजचं पुसणं

चांगल्या मेणाचं निम्मं आयुष्य चुकीच्या पोछ्यामुळे जातं. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एक चहाचा चमचा पुरे, आणि फडकं पिळून घट्ट. पाण्यात मूठभर मीठ टाकायची सवय अनेक घरांत आहे. ते मीठ सांध्यांत आणि दगडाच्या छिद्रांत स्फटिक धरतं आणि पृष्ठभाग हळूहळू सोलतं. रॉकेल टाकलं की तासभर चकाकी येते, पण मेण विरघळतं. लिंबू किंवा व्हिनेगर तर नकोच. दारात पायपुसणं आतही ठेवा आणि बाहेरही, कारण मेणावरचा खरा सँडपेपर म्हणजे चपलेतून येणारी रेती.

महिन्यातून एकदा मेण न घालता नुसत्या घोंगडीने घोटलं की चमक परत येते. दारापासून सोफ्यापर्यंतची पायवाट आधी फिकट पडते. सहा महिन्यांनी तेवढ्याच पट्ट्याला पातळ हात द्या, कडेला हात हलका करत बाकीच्यात मिसळवा. पलंगाखाली आणि कपाटाशेजारी दरवर्षी मेण चढवू नका. तिथे ते झिजत नाही, साठत जातं आणि पिवळं पडतं. उरलेलं मेण घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून आणि गॅसपासून लांब ठेवा. थंडीत ते कडक झालं तर वापरायच्या आधी डबा अर्धा तास कोमट पाण्यात बसवा.